सतराचा पाढा

नववी ब च्या वर्गात त्या सकाळी हसू फुटायला हवं होतं, आणि ते फुटलं नाही. नंदिनी शेवाळेच्या पुढच्या सगळ्या मनस्तापाची सुरुवात एवढ्या साध्या गोष्टीतून झाली.

मराठीचा तास होता. एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट मुलांना मनात वाचायची होती. पुस्तकं अजून आली नव्हती, म्हणून कार्यालयातून झेरॉक्स काढून आणल्या होत्या, आणि कारकुनाच्या हातून एक पान भलतंच शिरलं होतं. दुसऱ्या पानाच्या शेवटी म्हातारा पुरात होडी लोटतो. पुढचं पान उलटलं, की तिथे मजकूर होता: ‘टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करावी.’ शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या सफाईचं परिपत्रक! मुलं वाचायला लागल्यावर हे नंदिनीच्या लक्षात आलं. तास थांबवायला ती उठली, पण म्हटलं, बघू या, कोण आधी खिदळतं.

एकेचाळीस मुलांनी पान उलटलं. एकेचाळीस माना ओळीवरून ओळीवर गेल्या. टाकीचा गाळ उपसला गेला, ब्लीचिंग पावडर टाकली गेली, आणि मुलांनी शांतपणे पुढचं पान उलटलं, जिथे म्हातारा पैलतीराला लागला होता. कोणी मान वर केली नाही. कोणी शेजाऱ्याला कोपर मारलं नाही.

टेबलावरच्या पडद्यावर वाचनांक झळकले. वर्गाची सरासरी शंभरात त्र्याण्णव. सर्वांत वर सत्त्याण्णव, शाल्मली शेवाळे. नंदिनीचीच मुलगी.

नंदिनी खुर्चीत बसली.

कुंभारगड हे तसं तालुक्याचं आडवळणी गाव, पण गेली दोन वर्षं राज्यभरातले शिक्षक तिथली शाळा बघायला येत होते, ते या वाचनचष्म्यापायी. वाचनवृद्धी मंडळानं पहिल्या प्रयोगासाठी निवडलेल्या बारा शाळांपैकी ही एक, आणि बारांत पहिली. चष्मा तयार केला होता डॉ. मेधा गुर्जर या मेंदूशास्त्राच्या बाईंनी. त्यांनी पहिल्याच प्रशिक्षणात समजावून सांगितलेलं नंदिनीला अजून शब्दन्‌शब्द आठवत होतं.

आपल्याला वाटतं, वाचताना नजर पाण्यासारखी वाहते. तसं नसतं. नजर चिमणीसारखी उड्या मारत जाते. एका उडीनंतर पाव सेकंद टेकते, तेवढ्यात एखाददुसरा शब्द टिपते, की पुढची उडी. अवघड शब्दावर जास्त टेकते, अर्थ लागला नाही तर मागे फिरते. आणि डोक्याला काम पडलं की डोळ्याची बाहुली रुंदावते, अगदी केसभर, पण मोजता येईल इतकी. चष्म्याच्या दांडीत मोहरीएवढे दोन कॅमेरे होते. एक डोळ्याकडे बघायचा, दुसरा पानाकडे. दोन्हींचा मेळ घालून यंत्र ठरवायचं की मूल खरंच वाचतंय, की नुसतं पुस्तक धरून बसलंय. नजर भरकटली की उजव्या कानामागे बारीकसा कंप व्हायचा. दुखायचं नाही. माशी बसल्यासारखं वाटायचं, आणि नजर ओळीवर आली की माशी उडायची.

‘प्रश्नोत्तरं घोकता येतात, नजर घोकता येत नाही,’ हे गुर्जरबाईंचं वाक्य मंडळानं भिंतीभिंतींवर रंगवलं होतं. त्यानुसार वाचनाचे वीस गुण आता यंत्र देत होतं. नंदिनीनं ते मनापासून उचलून धरलं होतं. मुलं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत म्हणून वीस वर्षं हळहळणाऱ्या मास्तरणीला, एकेचाळीस मुलं चाळीस मिनिटं छापील पानावर खिळलेली बघणं म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटणं होतं. मुलं त्या चष्म्याला ‘झापड’ म्हणायची. बैलाच्या डोळ्यांना बांधतात ती. नंदिनी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्या संध्याकाळी घरी दोघीच होत्या. नवरा भरूचच्या कारखान्यात, दोन महिन्यांतून एकदा यायचा. शाल्मली जेवणाच्या टेबलाशी नखं कापत बसली होती. नंदिनीनं ते परिपत्रक तिच्यासमोर ठेवलं आणि हे तू आज वाचलंस का, असं विचारलं.

शाल्मलीनं कागद हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाली, “मी वर्षभरात काहीच वाचलेलं नाही.”

मग तिनं सगळं सांगून टाकलं, आणि सांगताना तिच्या आवाजात लाज नव्हती, एक थंड अभिमान होता. नजर कशी उडवायची हे पोरांनी पहिल्या दोन महिन्यांतच शिकून घेतलं होतं. जोडाक्षरावर जरा थांबायचं, लांब शब्दावर जास्त थांबायचं, तीन-चार ओळींतून एकदा मागे जायचं. अडत होतं ते फक्त बाहुलीपाशी. तिथे शाल्मलीला युक्ती सापडली. गणिताच्या तासाला एकदा चष्मा काढायचा राहून गेला, तेव्हा तोंडी हिशेब करताना तिचा अंक वर गेलेला तिनं पाहिला होता.

“सुलटा पाढा चालत नाही, तो तोंडपाठ असतो, डोकं लागत नाही,” ती म्हणाली. “उलटा म्हणायचा. सतराचा. एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न, एकशे छत्तीस. खाली पोचलं की एकोणीसचा. सगळ्या वर्गाला मीच शिकवलं. अ तुकडीलापण.”

नंदिनीनं विचारलं, एवढी यातायात करण्यापेक्षा वाचणं सोपं नव्हतं का.

शाल्मलीनं उलट विचारलं, “तू घालून बघितलाय कधी?”

नंदिनीनं खरंच घालून बघितला नव्हता. प्रशिक्षणात दोन मिनिटं, एका परिच्छेदापुरता, एवढंच.

हीच मुलगी सहावीत असताना जेवताना पुस्तक हवं म्हणून हट्ट करायची, वाचता वाचता आमटीत बोटं घालायची. सातवीच्या सुट्टीत तिनं नंदिनीचं अर्धं कपाट संपवलं होतं. आठवीत तिच्या वर्गाला चष्मा आला, आणि तेव्हापासून तिनं आपणहून एक पुस्तक उघडलं नव्हतं. वयच असं असतं, या वयात मुलं आईबापांचं काही घेत नाहीत, अशी नंदिनीनं मनाची समजूत घातली होती. आता ती समजूत तिची तिलाच पटेना.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी ती वर्गात जाऊन बसली. शाल्मलीच्या बाकावरचा चष्मा चढवला आणि नावाड्याची गोष्ट काढली. ही गोष्ट तिची लाडकी. म्हातारा पाण्यात वल्हं मारतो आणि त्याला आपल्या बुडालेल्या भावाचा हात वल्ह्याला लागल्यासारखा वाटतो, त्या ओळीशी ती आली, आणि दरवेळी थांबते तशी थांबली. नजर पानावरून उठून खिडकीबाहेर गेली. बाहेर काहीच नव्हतं, पण तिला ते पाणी दिसत होतं.

कानामागे माशी बसली.

तिनं मान झटकली. माशी उडेना. पाणी दिसेनासं झालं, भावाचा हात गेला, आणि ती पुढच्या ओळीवर जाऊन आदळली. दहा ओळींनंतर पुन्हा तेच. एके ठिकाणी मजा वाटून तिनं तेच वाक्य चार वेळा वाचलं, तर तिथेही माशी. पानं संपली तेव्हा तिचा जबडा आवळलेला होता आणि मान अवघडली होती. वाचनांक आला चौसष्ट.

वीस वर्षं मराठी शिकवणारी बाई चौसष्टवर आणि न वाचणारी पोर सत्त्याण्णववर!

गोष्ट डोक्यात उजेड पाडते ती नेमकी अशा थांबण्यात, हे नंदिनीला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण त्या क्षणी नजर काय करते? ओळ सोडते, कुठेतरी शून्यात टेकते. आणि कंटाळलेल्या मुलाची नजरही तेच करते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि यंत्र तर बाहेरूनच बघणार. रंगून गेलेलं मूल आणि उडाणटप्पू मूल त्याला एकच. वर्षभर, दिवसाकाठी चाळीस मिनिटं, गोष्ट जिथे मनाला भिडली तिथेच या मुलांना टोचणी मिळाली होती. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे शास्त्राच्या पुस्तकात आहे. या मुलांचं उलटं झालं होतं. पान दिसलं की अंग आखडायचं.

मुख्याध्यापक डांगेसरांकडे तिनं हे सगळं नेलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे ऐकून घेतलं. पंधरा दिवसांनी पुण्यात मंडळाची सुनावणी होती. चष्मा अकराशे शाळांत द्यायचा की नाही हे तिथे ठरायचं होतं, आणि अनुभव सांगायला खुद्द नंदिनीलाच बोलावणं होतं. सरांनी तिला समजावलं की पोरं कशालाही पळवाट काढतातच, त्यासाठी शाळेचं नाव कशाला घालवायचं. निघताना त्यांनी आठवण करून दिली की फसवणूक उघड झाली तर पहिला बडगा शाल्मलीवर उगारला जाईल.

घरी शाल्मलीचं म्हणणं याहून रोखठोक होतं. यंत्राबद्दल हवं ते बोल, म्हणाली, कान, मान, माशी, सगळं सांग. पण पाढ्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.

“ते आमचं आहे,” ती म्हणाली. “तुम्ही लोकांनी आमच्याकडे तेवढंच ठेवलंय.”

नंदिनीनं मान डोलावली. डोलावली तेव्हा तिचा तसाच विचार होता.

सुनावणीत ती पाऊण तास बोलली. तिनं नावाड्याची गोष्ट सांगितली, आपला चौसष्ट अंक सांगितला, रंगलेली नजर आणि कंटाळलेली नजर सारखीच दिसते हे समजावलं. मंडळाचे सदस्य माना हलवत होते, एकानं लिहूनही घेतलं. डॉ. गुर्जर पन्नाशीच्या, बारीक चणीच्या होत्या. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचं संपल्यावर त्या अदबीनं म्हणाल्या की शेवाळेबाईंच्या तळमळीबद्दल आदरच आहे, मात्र एका प्रौढ वाचकाच्या अनुभवावरून मुलांचं ठरवता येत नाही. मुलांचे आकडे समोर आहेत. बारा शाळा, दोन वर्षं, वाचनांक सतत चढता. मुलांचा वाचनाशी उभा दावा झाला असता तर हा आलेख चढला असता का?

“आकडे खोटे आहेत,” नंदिनी म्हणाली.

“कशावरून?”

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. अकराशे शाळा तिच्या डोळ्यांपुढे आल्या. एका शाळेत चारशे मुलं धरली तरी साडेचार लाखांच्या घरात. त्यांच्या बाजूनं ठेवायला तिच्याकडे एकच पुरावा होता, आणि तो तिचा नव्हता. पिशवीतून टाकीचं परिपत्रक काढून तिनं टेबलावर ठेवलं, आणि सतराचा पाढा सांगितला. कोणा एका मुलाचं नाव घेतलं नाही. सगळी मुलं असं करतात, एवढंच म्हणाली.

गुर्जरबाईंनी तिथेच चष्मा मागवला. समोर पडलेलं वर्तमानपत्र उघडून त्या ओळींवरून नजर उडवत, ओठ न हलवता मनात पाढा म्हणत बसल्या. दोन मिनिटांनी अंक आला अठ्ठ्याऐंशी. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ हातात धरला, आणि नंदिनीला म्हणाल्या, “तुमचे उपकार झाले. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.” त्यांच्या चेहऱ्यावर कसलाच राग नव्हता. सुनावणी पुढे ढकलली गेली.

परतताना एसटीत नंदिनीला हलकं वाटत होतं. आकडेच खोटे ठरल्यावर यंत्र उभं कशावर राहणार? शब्द मोडला हे खरं, पण शाल्मलीला उद्या कळेल कशासाठी मोडला, असं ती स्वतःला सांगत राहिली.

सात आठवड्यांनी नवा चष्मा आला. त्याला कपाळावरून जाणारी एक मऊ पट्टी होती. सोबतच्या पुस्तिकेत समजावलं होतं: वाक्यात अचानक विसंगत शब्द आला, ‘आईने पोळीवर तूप आणि खिळे वाढले’ असं काही, की अर्थ घेणाऱ्याच्या मेंदूत चार दशांश सेकंदांत एक लाट उमटते. ज्यानं अर्थ घेतलाच नाही, त्याच्या डोक्यात काही हलत नाही. म्हणून यापुढे धड्यांत अधूनमधून चुकीचे शब्द पेरलेले असतील. पट्टीला लाट सापडली नाही, तर कंप. पाढे म्हणणारा हमखास पकडला जाईल. शेवटी दोन ओळींत कुंभारगडच्या एका शिक्षिकेचे आभार होते. त्यांनी दाखवलेल्या एका चुकीच्या पानावरून ही कल्पना सुचली, असं लिहिलं होतं.

ती पुस्तिका वर्गात सगळ्यांच्या हाती पडली.

पहिल्या आठवड्यात एकाही मुलाचा अंक पन्नासच्या वर गेला नाही. दुसऱ्या आठवड्यात शाल्मलीच्या शेजारी बसायला कोणी तयार होईना. तिच्या दप्तरात कोणीतरी शाई ओतली. अ तुकडीच्या पोरांनी तिचं नाव ‘खबरी’ ठेवलं. ती घरी येऊन रडली नाही की भांडली नाही. फक्त नंदिनी स्वयंपाकघरात आली की ती बाहेर जायची, आणि नंदिनी बाहेर आली की आत.

एकदाच बोलली, डबा भरताना. “तू गप्प बसली असतीस तर अकराशे शाळांत पोरांनी पाढे म्हटले असते. कंटाळली असती, पण सुटली असती. आता त्यांना खरंच वाचावं लागणार, माशी बसवून घेत.”



नंदिनीला जे करता आलं ते तिनं केलं. एके सकाळी तिनं एकेचाळीस चष्मे कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. मुलांना सांगितलं, आज चष्मा नाही, अंक नाही, हवं ते वाचा किंवा वाचू नका. मुलांनी पुस्तकं मिटली आणि खिडकीबाहेर बघत बसली. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशीही. तिनं आपल्या घरची पुस्तकं आणून टेबलावर मांडली. त्यांना कोणी हात लावला नाही. तिनं स्वतः मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं, तर पहिल्या बाकावरच्या मुलीनं सहज, नकळत, तळहातानं उजवा कान झाकून घेतला. ते पाहिल्यावर नंदिनीला पुढचं वाक्य वाचवलं नाही. आठव्या दिवशी डांगेसरांनी किल्ली मागून घेतली. वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला आणि नंदिनीला कार्यालयात आवक-जावकच्या नोंदींवर बसवलं. तिथून तिनं मंडळाला अकरा पत्रं लिहिली. प्रत्येकाची पोच आली.

चष्मा अकराशे शाळांत गेला.

दहावीचं वर्ष शाल्मलीनं पट्टी बांधूनच काढलं. दुसरा इलाज नव्हता. यंत्र आता तिला एक शब्दही गाळू देत नव्हतं, आणि ती हुशार होती. निकालात मराठीला तिला शंभरपैकी शहाण्णव पडले. तालुक्यात पहिली. डांगेसर पेढे घेऊन घरी आले आणि नंदिनीकडे न बघता शाल्मलीच्या हातावर ठेवून गेले.

ते गेल्यावर शाल्मली आईला आपल्या खोलीत ये म्हणाली. भिंतीतल्या फडताळात लहानपणापासूनची तिची पुस्तकं होती, खालच्या फळीवर चित्रांची, वर गोष्टींची, त्याच्या वर सातवीच्या सुट्टीत आईच्या कपाटातून तिनं पळवलेली.

“ही इथून ने,” ती म्हणाली. “मला सगळे धडे पाठ आहेत. कुठल्या ओळीत कुठला शब्द, विचार. पण आता पुस्तकांच्या नुसत्या पाठी दिसल्या तरी माझी मान आखडते. झोप लागत नाही मला इथे.”

नंदिनी म्हणाली की काही दिवसांनी बरं वाटेल, कदाचित वर्ष जाईल, दोन जातील, तोवर एखादं तरी राहू दे.

“तुला हवं तर तुझ्या खोलीत ठेव. माझ्यासमोर नको.”

नंदिनीनं वाद घातला नाही. आधी वाकून तिनं खालची फळी रिकामी केली, मग मधली. दोन्ही हातांत मावतील तेवढी उचलून ती सहा वेळा आत-बाहेर गेली. शाल्मली खिडकीशी पाठ करून उभी होती, पुस्तकांकडे बघत नव्हती. सातव्या खेपेला नंदिनीनं जरा जास्तच उचलली, तिच्या कमरेतून कळ गेली आणि तिला तशीच रास घेऊन दाराच्या चौकटीला टेकावं लागलं.

शाल्मली वळली. येऊन तिनं आईच्या हातांतून ती रास काढून घेतली, चेहरा बाजूला फिरवून, मान ताठ ठेवून, पायानं दार चाचपत बाहेर नेली, आणि आईच्या पलंगावर उतरवली. मग वरच्या फळीवरची उरलेली पुस्तकंही तिनंच नेली, तशीच, न बघता, चार खेपांत.

शेवटची खेप झाल्यावर तिनं हात धुतले, आईला बसायला खुर्ची ओढून दिली, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.